हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवन प्रशिक्षण व प्रत्याभरण साधने

हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवन प्रशिक्षण व प्रत्याभरण साधने : हृदयाचे स्पंदन व श्वसन एकाएकी बंद पडलेल्या व्यक्तीच्या छातीवर लयबद्ध दाब देऊन व तिच्या फुप्फुसांत हवा भरून मेंदू आणि हृदय यांचा रक्तपुरवठा तात्पुरता चालू ठेवण्याच्या क्रियेस हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर) असे म्हणतात. ही क्रिया करणाऱ्यास आपला दाब किती खोल गेला, दाबांचा वेग किती होता, दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ववत वर आली की नाही व फुप्फुसांत किती हवा गेली, ही माहिती तत्क्षणी अथवा सराव संपताच पुरविणाऱ्या उपकरणांना प्रत्याभरण साधने म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या साधनांचा उगम, त्यांची गरज का निर्माण झाली व परिचारिकांच्या प्रशिक्षणात त्यांचा काय उपयोग झाला, यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

हृदय थांबल्यानंतर काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि सर्वसामान्य तापमानात सु. चार ते सहा मिनिटांत मेंदूतील पेशींना कायमची इजा होऊ लागते. छातीवरील दाबाने नैसर्गिक रक्तप्रवाहाच्या फार तर एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश प्रवाह निर्माण होतो. तोही दाब योग्य असेल तरच. म्हणजे मुळातच अपुरी असलेली ही मदत थोडीशी उणी पडली, तरी निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. रुग्णालयात अशा रुग्णाजवळ प्रथम पोहोचणारी व्यक्ती बहुधा परिचारिका असते. विशेषतः रात्रपाळीत वैद्य येईपर्यंतची पहिली काही मिनिटे तिच्या हातांवर अवलंबून असतात. त्यामुळे ते हात प्रत्यक्षात काय करतात, हा प्रश्न रुग्णाच्या जीविताशी निगडित आहे.

पूर्वेतिहास : बुडालेल्या माणसास शुद्धीवर आणण्याचे संघटित प्रयत्न यूरोपात अठराव्या शतकात सुरू झाले. अशा व्यक्तीच्या तोंडात तोंडाने हवा फुंकावी, अशी शिफारस पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७४० मध्ये केली. १७६७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे व १७७४ मध्ये लंडन येथे बुडालेल्यांना वाचविण्यासाठी संस्था स्थापन झाल्या. पुढे तोंडाने श्वास देण्याची पद्धत मागे पडून हात वर-खाली करण्याच्या किंवा पाठीवर दाब देण्याच्या पद्धती रूढ झाल्या. सिल्व्हेस्टर (१८५८), शेफर (१९०३) व होल्गर नील्सन (१९३२) यांच्या पद्धती प्रथमोपचाराच्या पुस्तकांतून अनेक वर्षे शिकविल्या जात होत्या. ग्यॉटिंगेन येथील फ्रीड्रिख मास यांनी १८९१ मध्ये छातीवर बाहेरून दाब देऊन रुग्णांना वाचविले होते. परंतु त्यांच्या कार्याकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष गेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबलेले हृदय चालू करण्यासाठी शस्त्रक्रियेने छाती उघडून हृदय हातात धरून दाबणे, हाच मान्य उपाय होता. तो अर्थातच शस्त्रक्रियागृहाबाहेर शक्य नव्हता व परिचारिकेच्या अधिकारकक्षेतही नव्हता.

ही स्थिती पाच-सहा वर्षांत पालटली. जेम्स एलाम यांनी उच्छ्वासाच्या हवेतही रुग्णास पुरेल इतका ऑक्सिजन असतो, हे १९५४ मध्ये दाखविले. बॉल्टिमोर येथील भूलतज्ज्ञ पीटर साफार यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व स्नायू शिथिल केलेल्या व्यक्तींवर प्रयोग करून तोंडाने श्वास देण्याची पद्धत जुन्या हस्तपद्धतींहून श्रेष्ठ असल्याचे १९५८ मध्ये सिद्ध केले. त्याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्युत् अभियंते विल्यम कौवनहॉव्हन यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या हृदयावर बाहेरून विद्युत् धक्का देण्याचे प्रयोग चालू होते. कुत्र्याच्या छातीवर जड विद्युत् अग्रे दाबून धरताच रक्तदाब क्षणभर वाढतो, असे गाय निकरबॉकर यांना १९५८ मध्ये आढळले. या निरीक्षणातून छाती न उघडता हृदय दाबण्याची पद्धत निर्माण झाली. कौवनहॉव्हन, शस्त्रक्रियाविशारद जेम्स ज्यूड व निकरबॉकर यांनी जुलै १९६० मध्ये वीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौदा रुग्ण वाचले होते. या कामासाठी केवळ दोन हात पुरेसे आहेत, असे त्या लेखाचे सांगणे होते. मात्र ते हात कसे शिकवावयाचे व ते शिकले आहेत हे कसे ओळखावयाचे, हा प्रश्न तेथूनच उद्भवला.

सरावाच्या बाहुलीचा उगम : हृदय चालू असलेल्या निरोगी माणसाच्या छातीवर पूर्ण जोराने दाब देऊन सराव करणे धोक्याचे असते. म्हणून माणसाच्या जागी मनुष्याकृती बाहुलीची आवश्यकता भासली. नॉर्वेतील स्ताव्हांगेर येथील आस्मुन लेर्दाल हे मुलांची पुस्तके व खेळणी तयार करीत असत. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनविण्यात त्यांचा हातखंडा होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न लिन व साफार यांच्या सल्ल्याने त्यांनी १९६० मध्ये ‘रेससी ॲन’ ही पूर्णाकृती बाहुली तयार केली. तिचा चेहरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये सीन नदीत सापडलेल्या अनामिक तरुणीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून घेतला होता. प्रारंभी केवळ श्वास देण्याच्या सरावासाठी योजिलेल्या या बाहुलीच्या छातीत साफार यांच्या सूचनेवरून स्प्रिंग बसविण्यात आली व तिच्यावर वक्षदाबाचाही सराव करता येऊ लागला. हवा आत गेली की छाती फुगणे आणि दाबल्यावर स्प्रिंगने प्रतिकार करणे, हीच या विद्येतील पहिली प्रत्याभरण साधने म्हणता येतील. परंतु स्प्रिंग पुरेशी दबली किंवा नाही, हे शिकणाऱ्याला निश्चितपणे कळत नव्हते आणि बाजूला उभ्या असलेल्या शिक्षकालाही ते नजरेच्या अंदाजानेच ठरवावे लागत होते.

परिचारिकांकडे आलेली जबाबदारी : वक्षदाब ही वैद्यानेच करावयाची क्रिया आहे, असा समज आरंभीच्या वर्षांत होता. तो बदलण्यास हृद्‌रोग अतिदक्षता कक्षांची स्थापना मुख्यतः कारणीभूत झाली. ह्यूज डे यांनी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९६२ मध्ये असा कक्ष उघडला. त्याच सुमारास फिलाडेल्फिया येथे लॉरेन्स मेल्ट्झर यांनी अशा कक्षाचा अभ्यास हाती घेतला. हृदयाच्या तीव्र झटक्यानंतर निलयांचे तंतुकंपन सुरू झाले, तर एक-दोन मिनिटांत उपचार व्हावा लागतो आणि तेवढ्या वेळात वैद्याला बोलावून आणणे शक्य नसते. तेव्हा हृल्लेख वाचणे, वक्षदाब देणे व विद्युत् धक्का देणे ही कामे कक्षातील परिचारिकेनेच केली पाहिजेत, असा मेल्ट्झर यांचा आग्रह होता. परिचारिका रोझ पिनेओ व वैद्य रॉडरिक किचेल यांच्या सहकार्याने त्यांनी परिचारिकांसाठी लिहिलेले हस्तपुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. कक्षाचे यश यंत्रांपेक्षा परिचारिकेच्या तयारीवर अवलंबून असते, ही त्यामागील भूमिका होती. परिचर्येच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची होय. कारण वैद्याच्या प्रत्यक्ष आदेशाची वाट न पाहता जीवरक्षक निर्णय घेण्याचा अधिकार परिचारिकेस येथे प्रथमच पद्धतशीरपणे मिळाला [⟶ परिचर्या].

१९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने भरविलेल्या परिषदेत वैद्यक व तत्संबंधित व्यवसायांतील सर्वांना ही क्रिया शिकवावी, अशी शिफारस झाली. १९७३ च्या दुसऱ्या परिषदेनंतर सामान्य नागरिकांच्या प्रशिक्षणालाही चालना मिळाली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकांत दोन व्यक्तींनी मिळून काम करताना मिनिटाला ६० दाब व एकट्या व्यक्तीने करताना ८० चा वेग सांगितला होता. दाबाची खोली सु. ४ ते ५ सेंमी. होती. अशा रीतीने क्रियेला आकडे प्राप्त झाले. वर्ग घेणे, परीक्षा घेणे व प्रमाणपत्र देणे ही पद्धती जगभर रूढ झाली व परिचारिकांनी ठराविक कालांतराने, बहुधा दोन वर्षांनी, प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे असा नियम अनेक रुग्णालयांनी घालून दिला.

प्रशिक्षणातील उणीव : प्रमाणपत्र असणे व कौशल्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे १९८० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. कॅनडातील गॅस व करी यांनी वैद्य आणि परिचारिका यांचा एक वर्षभर पाठपुरावा करून १९८३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच कौशल्यात घट सुरू होते व वर्षअखेरीस ती मोठी असते, असे त्यांत दिसून आले. अन्य देशांतील अभ्यासांनीही त्यास दुजोरा दिला. शिकणाऱ्यांनी मन लावले नाही, असे याचे स्पष्टीकरण देणे सोपे होते. परंतु के व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दोषाची दिशा बदलली. त्यांना असे आढळले की, अभ्यासक्रम नीट आखलेला असूनही शिक्षक तो एकसारखा शिकवीत नव्हते, प्रत्यक्ष सरावास फार थोडा वेळ मिळत होता आणि चुका दुरुस्त केल्या जात नव्हत्या. शिक्षक व विद्यार्थी या दोघांनीही समाधानकारक ठरविलेली कामगिरी त्याच निकषांवर काटेकोरपणे तपासली असता असमाधानकारक ठरली.

शिक्षकाच्या डोळ्यास एक-दीड सेंटिमीटरचा फरक सहसा दिसत नाही. वेग काही प्रमाणात मोजता येतो, हाताची जागा दिसते. परंतु खोली व दाब सोडल्यावर छाती पूर्णपणे वर येणे या दोन महत्त्वाच्या गोष्टी बाहेरून नीट कळत नाहीत. दाब देणाऱ्यास तरी त्या कळतात काय, याचे उत्तर १९९५ मध्ये हायटॉवर व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगातून मिळाले. बाहुलीवर सलग पाच मिनिटे दाब देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचे पहिल्या मिनिटातील सु. ९३ टक्के दाब योग्य होते. तिसऱ्या मिनिटात हे प्रमाण सु. ३९ टक्के व पाचव्या मिनिटात सु. १८ टक्के झाले. आपली कामगिरी ढासळत आहे, याची जाणीव मात्र त्या व्यक्तींना होत नव्हती. दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलावी, या नियमाची उपयुक्तता अशा निरीक्षणांवरून पटते.

प्रत्याभरणाची कल्पना : कौशल्य केवळ पुनरावृत्तीने वाढत नाही, ही गोष्ट मानसशास्त्रात त्यापूर्वीच सिद्ध झाली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२७ मध्ये डोळे बांधलेल्या व्यक्तींना ठराविक लांबीच्या रेषा काढावयास सांगितल्या. प्रत्येक रेषेनंतर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच ज्यांना सांगितले त्यांची अचूकता वाढत गेली. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांच्यात शेकडो रेषा काढूनही सुधारणा झाली नाही. नॉर्बर्ट वीनर यांच्या १९४८ मधील सायबरनेटिक्सवरील ग्रंथाने ही कल्पना यंत्रे व सजीव या दोहोंना लागू केली : क्रियेच्या परिणामाची माहिती क्रिया करणाऱ्याकडे परत आली, तरच तिचे नियमन होऊ शकते. छातीवर दाब देणारी परिचारिका थॉर्नडाइक यांच्या प्रयोगातील डोळे बांधलेल्या व्यक्तीसारखीच असते. तिला छाती दिसते, पण खोली दिसत नाही.

साधनांचे प्रकार व कार्य : सर्वांत साधे साधन म्हणजे बाहुलीच्या छातीतील खटका होय, दाब ठरलेल्या खोलीस पोहोचला की ‘टक्’ असा आवाज होतो. १९७० नंतरच्या दशकात नोंद करणाऱ्या बाहुल्या प्रचारात आल्या. त्यांतून सरकणाऱ्या कागदी पट्टीवर श्वास व दाब यांचे स्वतंत्र आलेख उमटत व लहान दिव्यांनी योग्य-अयोग्य दाब दर्शविला जाई. या पट्टीमुळे परीक्षेचा पुरावा प्रथमच शिक्षकाच्या मतापासून वेगळा झाला. केवळ वेगासाठी ठेका देणारे मात्रामापक (मेट्रोनोम) वापरता येते. वेग ठरवून देणाऱ्या ध्वनीने प्रत्यक्ष रुग्णावरील वक्षदाबही सुधारतात, असे १९९२ मध्ये केर्न व सहकाऱ्यांनी दाखविले. मात्र ठेका ही केवळ सूचना आहे, प्रत्याभरण नव्हे. कारण हात प्रत्यक्षात काय करीत आहे, हे ठेक्याला कळत नाही.

संगणक लहान व स्वस्त झाल्यावर बोलणाऱ्या बाहुल्या तयार झाल्या. नॉर्वेतील लार्स व्हीक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बाहुलीतील संवेदकांची माहिती संगणकाकडे जाई आणि ‘अधिक खोल दाबा’, ‘थोडे सावकाश’ अशा अर्थाच्या सूचना तत्क्षणी ऐकू येत. शिक्षकाविना, काही मिनिटांतच शिकणाऱ्यांची कामगिरी सुधारत असल्याचे आढळून आले. याच सुमारास रुग्णाच्या छातीवर ठेवावयाचे त्वरणमापक विकसित झाले. उरोस्थीवर ठेवलेल्या चकतीतील मापक हाताच्या हालचालीचे त्वरण मोजतो; त्याचे दोनदा गणिती संकलन केले की अंतर, म्हणजे दाबाची खोली मिळते. या रीतीत लहान चुका साचत जात असल्याने प्रत्येक दाबाच्या आरंभी शून्यबिंदू नव्याने ठरवावा लागतो. आणखी एक अडचण अशी की, रुग्ण मऊ गादीवर असेल, तर गादीचे दबणेही छातीच्या दबण्यात मोजले जाते व उपकरण खोली अधिक दाखविते. बाहुलीत खोली छाती व पाठ यांच्या दरम्यान मोजली जात असल्याने हा दोष येत नाही. म्हणून वर्गात जमिनीवर वा टेबलावर शिकलेली परिचारिका प्रत्यक्ष कक्षातील गादीवर फसण्याचा संभव असतो. तिला खाटेवर ठेवलेल्या बाहुलीवरही सराव दिला पाहिजे. खाटेची उंची कमी करणे, कठडा खाली घेणे, पाठीखाली फळी सरकविणे व ठेंगण्या व्यक्तीने पायाखाली पायरी घेणे यांचा खोलीवर होणारा परिणाम आकड्यांत दिसला की या बारीकसारीक गोष्टींचे महत्त्व शिकणाऱ्यास लगेच पटते.

रुग्णशय्येवरील मापन : त्वरणमापक जोडलेल्या यंत्रांमुळे खऱ्या रुग्णांवर काय घडते, हे २००५ मध्ये प्रथमच मोठ्या प्रमाणावर कळले. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात आबेला व सहकाऱ्यांनी ६७ रुग्णांवरील पुनरुज्जीवनाची नोंद केली. तपासलेल्या कालखंडांपैकी सु. २८ टक्के खंडांत वेग मिनिटाला ९० हून कमी, सु. ३७ टक्के खंडांत खोली ३८ मिमी. हून कमी आणि सु. ६१ टक्के खंडांत श्वास मिनिटाला २० हून अधिक होते. त्याच वर्षी व्हीक व सहकाऱ्यांनी स्टॉकहोम, लंडन व आकेर्सहूस येथील रुग्णवाहिका सेवांतील १७६ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यात रक्तप्रवाह बंद असलेल्या काळापैकी जवळजवळ निम्मा काळ वक्षदाब दिलाच गेला नव्हता. ही सर्व कामे प्रशिक्षित व अनुभवी व्यक्तींनी केली होती. बाहुलीवर दिसलेली उणीव वर्गापुरती मर्यादित नाही, हे यावरून सिद्ध झाले. २००५, २०१० व २०१५ च्या मार्गदर्शक सूत्रांत दाबाच्या गुणवत्तेवर दिलेला भर या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. २०१५ पासून प्रौढांसाठी मिनिटाला १०० ते १२० दाब व ५ ते ६ सेंमी. खोली ही मर्यादा सांगितली जाते. वेग व खोली या दोहोंनाही वरची मर्यादा असल्याने केवळ ‘जोराने व वेगाने’ ही शिकवण पुरत नाही. माप आवश्यक ठरते.

परिचारिकांच्या प्रशिक्षणातील प्रयोग : या विषयात परिचर्या क्षेत्रातील सर्वांत उल्लेखनीय अभ्यास मेरिलिन ओरमन, सुझॅन कार्डाँग-एडग्रेन व सहकारी यांनी अमेरिकेतील दहा परिचर्या विद्यालयांतील ६०६ विद्यार्थ्यांवर केला व २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांना प्रारंभी सारखेच प्रशिक्षण मिळाले. नंतर एका गटाने बोलणाऱ्या बाहुलीवर दरमहा केवळ सहा मिनिटे सराव केला; दुसऱ्या गटाने केला नाही. सराव करणाऱ्या गटाचे कौशल्य वर्षभर टिकले वा वाढले, तर दुसऱ्या गटाची योग्य खोलीपर्यंत दाब देण्याची व पुरेशी हवा भरण्याची क्षमता वर्षाच्या आत घटली. महिन्याला सहा मिनिटे म्हणजे वर्षाला सव्वा तासाहूनही कमी वेळ होतो. दोन वर्षांतून एकदा दिवसभराचा वर्ग घेण्याऐवजी थोडा थोडा पण वारंवार सराव घ्यावा, ही कल्पना यातून दृढ झाली. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात बाहुली व मापक चाकांच्या गाडीवर ठेवून थेट कक्षात नेण्याची पद्धत यशस्वी ठरली. परिचारिकेने वर्गाकडे जाण्याऐवजी वर्ग तिच्याकडे आला. पुढे अमेरिकन हार्ट असोसिएशनने तीन महिन्यांतून एकदा कक्षातच थोडा सराव घेण्याची योजना आखली आणि ३१ जानेवारी २०१९ पासून आपल्या सर्व प्रौढ-पुनरुज्जीवन वर्गांत प्रत्याभरण साधनांचा वापर आवश्यक ठरविला.

मर्यादा : साधनांची उपयुक्तता तपासताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट आहे. प्रशिक्षणात कौशल्य सुधारते काय, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. यंग, पर्किन्स व सहकारी यांनी २००९ मध्ये केलेल्या व्यापक परीक्षणाचाही निष्कर्ष तसाच होता. त्यामुळे अधिक रुग्ण वाचतात काय, हा दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. रुग्णालयाबाहेरील १,५८६ रुग्णांवर अमेरिका व कॅनडात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तत्क्षणी मिळणाऱ्या प्रत्याभरणाने दाबांची गुणवत्ता सुधारली, परंतु रक्ताभिसरण पुन्हा सुरू होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच (४५ व ४४ टक्के) राहिले. शिकागो येथे एडेल्सन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दिलेल्या वृत्तांतानुसार प्रत्याभरणाला प्रत्येक घटनेनंतरच्या चर्चेची जोड दिल्यावर रक्ताभिसरण पुन्हा सुरू होण्याचे प्रमाण सु. ४५ वरून सु. ५९ टक्क्यांवर गेले. मात्र घरी परतणाऱ्या रुग्णांचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. याउलट इराणमधील अतिदक्षता कक्षांत ९०० रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, योग्य दाबाला खटक्याचा आवाज देणाऱ्या साध्या साधनाने घरी परतणाऱ्यांचे प्रमाण सु. २८ वरून ५४ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे नमूद आहे. हे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. मूळ आजार, हृदय थांबल्यापासून गेलेला वेळ व विद्युत् धक्क्याची उपलब्धता यांचा परिणाम हातांच्या कौशल्याहूनही मोठा असू शकतो, हे त्याचे एक कारण होय.

साधनावर विसंबून राहण्याचा धोकाही आहे. सॅल्मोनी, श्मिट व वॉल्टर यांनी १९८४ मध्ये कौशल्यशिक्षणाच्या प्रयोगांचे परीक्षण करून असे दाखविले की, प्रत्येक हालचालीनंतर मिळणारी माहिती तत्काळ कामगिरी सुधारते. पण ती काढून घेतली की मिळविलेले कौशल्य कमी टिकते, कारण शिकणारा स्वतःच्या संवेदनांकडे लक्ष देईनासा होतो. म्हणून सरावाचा काही भाग साधन बंद ठेवून करावा व आपली कामगिरी कशी झाली याचा अंदाज प्रथम शिकणाऱ्यानेच सांगून मग नोंद पाहावी, ही रीत अधिक हितावह होय. बाहुलीची स्प्रिंग सर्व माणसांच्या छातीसारखी नसते. वृद्धाची ताठ छाती व बालकाची लवचिक छाती यांची जाणीव एकाच बाहुलीवरून होत नाही. शिवाय आकडे शिक्षेसाठी वापरले गेले, तर परिचारिका साधनाला भिऊ लागतात व सराव टाळतात. नोंद ही शिकण्यासाठी आहे, दोष शोधण्यासाठी नाही, हे कक्षप्रमुखाच्या वागणुकीतून दिसावे लागते.

भारतातील स्थिती : भारतात भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय पुनरुज्जीवन परिषदेची मार्गदर्शक सूत्रे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत सामान्य नागरिकांसाठी केवळ वक्षदाबाची पद्धत व रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठी अधिक व्यापक पद्धत सांगितली आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमातही मूलभूत जीवनाधाराच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. संवेदक असलेल्या बाहुल्या महाग असल्याने प्रत्येक विद्यालयास त्या घेणे शक्य होत नाही. तथापि वर दिलेल्या इतिहासातून असे दिसते की, साधन भारी असण्यापेक्षा ते कक्षाजवळ असणे व वारंवार वापरले जाणे अधिक महत्त्वाचे आहे. खटक्याची साधी बाहुली, ठेक्यासाठी मात्रामापक, परस्परांची कामगिरी मोजणाऱ्या दोघी परिचारिका व कामाच्या पाळीतच राखून ठेवलेली काही मिनिटे एवढ्यावरही सुरुवात करता येते. यांपैकी शेवटची गोष्ट मिळणे बहुधा सर्वांत कठीण असते. अपुऱ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या कक्षात सरावासाठी परिचारिकेला मोकळे करणे हा खर्च आहे आणि तो साधनाच्या किमतीत धरला जात नाही.

१९६० मध्ये ही क्रिया कोणालाही, कोठेही करता येईल अशी आशा निर्माण झाली होती व ती बऱ्याच अंशी खरी ठरली. मात्र करता येणे व योग्य रीतीने करता येणे यांतील अंतर करणाऱ्यास स्वतः जाणवत नाही, हे कळण्यास पुढील चार दशके लागली. प्रत्याभरण साधनांचे कार्य हे अंतर दृष्टीस आणणे एवढेच आहे. ते भरून काढण्याचे काम नियमित सरावाचे असून, त्यासाठी परिचारिकेस वेळ व संधी मिळवून देण्याची जबाबदारी ती ज्या संस्थेत काम करते त्या संस्थेवर येते. [⟶ प्रथमोपचार, हृदय].